फौज सोडल्यावर घराचं काय? क्वार्टर सोडण्यापासून स्वतःचं घर होईपर्यंत

फौजी माणसाच्या रिटायरमेंटमध्ये आणि बाकीच्या नोकरदारांच्या रिटायरमेंटमध्ये सगळ्यात मोठा फरक घराचा असतो. शाळेतले सर किंवा बँकेतला माणूस साठीला निवृत्त होतो तोवर त्याचं घर झालेलं असतं, पोरं मार्गाला लागलेली असतात. आपला नाईक किंवा हवालदार चाळिशीच्या आसपास बाहेर पडतो, पोरगी नववीत, पोरगा सहावीत, आणि पेन्शन सुरू व्हायच्या आगेमागेच क्वार्टर पण जातं. म्हणजे पगाराची पेन्शन झाली, राहतं छप्पर गेलं, आणि त्याच महिन्यात खात्यावर आयुष्यात कधी बघितली नाही एवढी रक्कम. हे सगळं एकदम आलं की भलेभले गडबडतात, आणि त्या गडबडीत घर घेतलं जातं.

माझे मिस्टर आर्मीतून रिटायर झालेत आणि नंतर आमच्या भागातल्या बऱ्याच फौजी कुटुंबांची कागदपत्रं जमवायला मी मदत करत आलेय, त्यात वीर नारी, म्हणजे शहीद जवानांच्या पत्नी, पण आहेत. सगळ्यांना मी पहिली गोष्ट एकच सांगते. घराची तयारी पेन्शनच्या दोन वर्षं आधी सुरू करा, पण घर विकत पेन्शननंतरच्या पहिल्या वर्षात घेऊ नका. ऐकायला उलटं वाटतं पण पुढचं वाचा, सगळं त्यावरच आहे. मी महाराष्ट्रातलं सांगतेय, दुसऱ्या राज्यात सेटल होणार असाल तर स्टॅम्प ड्युटी, घरपट्टी वगैरे तिथलं तिथे बघा.

दोन वर्षं आधी काय करायचं

नाव. सगळ्यात आधी बायकोचं आणि पोरांचं नाव, जन्मतारीख सर्विस रेकॉर्डमध्ये काय आहे ते बघा. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे घरच्यांची नोंद करणारा युनिटचा आदेश, कुठल्याशा युनिटमध्ये लग्नानंतर निघालेली असते, त्यात 'सुनिता' असतं, आधारवर 'सुनीता', पॅनवर माहेरचं आडनाव. तेव्हा कोणी लक्ष देत नाही. पण पुढे पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, तेच नाव येतं, जॉइंट खात्यावर तेच, लोनच्या फाईलला तेच, आणि बँकवाला प्रत्येक वेळी ॲफिडेव्हिट मागतो. सर्विसमध्ये असताना युनिटच्या क्लार्ककडून हे दुरुस्त होतं, घरी आल्यावर रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहीत बसावं लागतं, आणि देव न करो माणसाचं काही बरंवाईट झालं तर त्या बाईला एका वेलांटीसाठी फेऱ्या मारायला लागतात. मी हे बघितलंय म्हणून एवढं जोर देऊन सांगतेय.

दुसरं, डोमिसाईल. पंधरा-वीस वर्षं जम्मू, आसाम, राजस्थान फिरलेल्या माणसाकडे महाराष्ट्राचा रहिवासी असल्याचा ताजा दाखला नसतो, आणि म्हाडाचा फॉर्म भरायचा म्हटलं की तोच लागतो. म्हाडाला २०१८ नंतरचा, बारकोड असलेला दाखला चालतो, जुना हाताने लिहिलेला नाही. सुट्टीवर आलात की शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा पुरावा घेऊन सेतू केंद्रात किंवा आपले सरकारवर अर्ज टाका, सुट्टी संपायच्या आत होऊन जातं बहुतेक वेळा.

तिसरं, ज्या सोयी फक्त सर्विसमध्ये असताना मिळतात त्या. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं घरासाठीचं लोन, सरकारी हाऊस बिल्डिंग ॲडव्हान्स, ऑफिसर असाल तर डीएसओपी आणि जवान-जेसीओ असाल तर एएफपीपी फंडातून (दोन्ही फौजेतले पीएफ) घरासाठी काढता येणारे पैसे, हे वर्दीत असतानाचं आहे. घर आत्ता घ्यायचं नसेल तरी नियम विचारून ठेवा, कारण गावाकडे स्वतःच्या नावावरच्या जागेत बांधकाम करायचं असेल तर हा पैसा बँकेच्या लोनपेक्षा परवडतो.

आणि चौथं, एडब्ल्यूएचओ. आर्मी वेल्फेअर हाऊसिंग ऑर्गनायझेशन १९७८ साली सुरू झाली, ना नफा ना तोटा तत्त्वावर आर्मीवाल्यांसाठी घरं बांधते. पुण्यातलं साळुंके विहार त्यांचंच. एअरफोर्स आणि नेव्हीवाल्यांसाठी एअर फोर्स नेव्हल हाऊसिंग बोर्ड आहे, पवईचं आणि खारघरचं जलवायू विहार त्यांचं. सर्विसमधले, रिटायर झालेले आणि विधवा, तिघांनाही अर्ज करता येतो. स्कीम निघायला आणि ताबा मिळायला वेळ लागतो म्हणूनच दोन वर्षं आधी नाही तर त्याच्याही आधी वेबसाईट बघायला लागा. फक्त एक, आपली संस्था आहे म्हणून डोळे मिटून सही करायची नाही. कोचीच्या चंदर कुंज आर्मी टॉवर्सचं काय झालं ते वाचा, एडब्ल्यूएचओने बांधलेल्या तीनपैकी दोन टॉवर पाडून परत बांधायचा आदेश केरळ हायकोर्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. राहणारी सगळी फौजी कुटुंबं. संस्था वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण आपलीच संस्था आहे म्हणून बांधकाम कोणी तपासायचंच नाही हे बरोबर नाही. ताब्याच्या वेळी ओळखीचा इंजिनिअर घेऊन जा, ओल आहे का, स्लॅबखाली प्लास्टर सुटलंय का बघा आणि जे दिसेल ते लेखी द्या.

राहायचं कुठे, हे आधी

लोक आधी फ्लॅट बघतात, मग गाव ठरवतात. उलटं करा.

तुम्हाला पुढची तीस-चाळीस वर्षं ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, लागणार आहे. आज चाळिशीत काही वाटत नाही, पण आईवडील डिपेंडंट असतील तर आत्ताच लागतं. पॉलिक्लिनिक किती लांब आहे, तिथे रेफरल मिळालं तर पॅनेलवरचं हॉस्पिटल कुठे आहे, हे जागेच्या भावाइतकंच महत्त्वाचं आहे. पुण्यात कमांड हॉस्पिटल आणि खडकीचं एमएच, देवळालीला, नगरला, कामठीला मिलिटरी हॉस्पिटल, त्यामुळे या गावांभोवती फौजी वस्ती का वाढते ते कळतं. कँटीन मात्र मी शेवटी धरते. महिन्यातून एकदा जायचं असतं, तेवढ्यासाठी महागात जागा घेऊ नका.

दुसरी नोकरी. राज्य सरकारच्या गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, बरेच जण बँकेत लागतात, काही जण सिक्युरिटीत. नोकरी कुठे लागेल हे पेन्शनच्या दिवशी माहीत नसतं. साताऱ्यात फ्लॅट घेतला आणि नोकरी लागली ठाण्यात, मग माणूस परत एकटा भाड्याच्या खोलीत आणि बायको पोरं घेऊन एकटी, म्हणजे फील्ड पोस्टिंगच चालू राहिलं की. पहिलं वर्ष घर घेऊ नका म्हणते ते मुख्य यासाठी.

आणि भाऊ, हे खास तुमच्यासाठी. गाव ठरवताना वहिनींना विचारा, आणि नुसतं तोंडदेखलं नाही. तुम्हाला गाव म्हणजे लहानपणीचं तालमीचं, मित्रांचं गाव आठवतं. त्यांनी पंधरा वर्षं क्वार्टरमध्ये काढलीत, शेजारीण पंजाबची, वरती तमिळनाडूची, पोरांची शाळा हाकेच्या अंतरावर, सगळं स्वतः सांभाळलंय. त्या एकदम सासरच्या वाड्यात डोक्यावर पदर घेऊन राहतील असं धरून चालू नका. पोरांचंही तेच, सहावीपर्यंत केंद्रीय विद्यालयात हिंदी-इंग्लिशमध्ये शिकलेलं पोरगं गावातल्या मराठी शाळेत बावरतं. केंद्रीय विद्यालयात माजी सैनिकांची मुलं पहिल्या प्राधान्य गटात येतात, तर जिथे केव्ही आहे ते गाव यादीत वर घ्या. आणि गाव लांब असेल तर सैनिक कल्याण विभागाची सैनिकी मुला-मुलींची वसतिगृहं बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी आहेत, दहावीनंतर फार उपयोगी पडतात.

क्वार्टर सोडताना

डिस्चार्जची तारीख कळली की पहिल्याच आठवड्यात स्टेशन हेडक्वार्टरला क्वार्टर किती दिवस ठेवता येईल ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी 'रहो ना, कोई नहीं पूछता' यावर राहू नका. परवानगीच्या पुढे राहिलात की डॅमेज रेंट लागतो आणि तो साध्या भाड्याच्या कित्येक पट असतो, आणि वसुली तुमच्या येणाऱ्या पैशातूनच होते. फॅमिली एसएफ क्वार्टरमध्ये (जवान फील्डवर असताना कुटुंबाला मिळणारं घर) असेल तर ते वेगळ्या स्टेशनवर असतं, तिथला अर्ज वेगळा.

मार्च आऊटच्या, म्हणजे क्वार्टर परत ताब्यात देण्याच्या, दिवसाची तयारी महिनाभर आधी करा. एमईएसचा, म्हणजे फौजेच्या बांधकाम-देखभाल खात्याचा, माणूस हातात यादी घेऊन येतो आणि एकेक खोली बघतो. खिडकीची काच तडकलेली आहे का, नळाची मूठ आहे का, फॅनचा रेग्युलेटर चालतो का, किचनच्या कट्ट्याखालचं दार बिजागरीवर आहे का, फर्निचरमधले पलंग-खुर्च्या मोजून भरतात का. जे नाही ते बॅरॅक डॅमेजमध्ये लिहिलं जातं आणि त्याचे पैसे कापतात. यातल्या निम्म्या गोष्टी बाजारातून आणून स्वतः लावल्या तर फार स्वस्तात होतं. मार्च इनच्या वेळची यादी जपून ठेवली असेल तर सोन्याहून पिवळं, कारण जी काच तुम्ही आलात तेव्हाच फुटकी होती ती दाखवता येते. भिंतीला ठोकलेले खिळे काढा, भोकं व्हाइट सिमेंटने बुजवा. लाईट-पाण्याचं शेवटचं बिल भरून क्लिअरन्सचा कागद हातात घेतल्याशिवाय ट्रकवाल्याला बोलवू नका. हा नो ड्यूजचा कागद अडकला की पुढची ग्रॅच्युइटी पण रेंगाळते.

सामान हलवायचं भाडं आणि कॉम्पोझिट ट्रान्सफर ग्रँट मिळते, शेवटच्या बेसिकच्या ८० टक्के. मूळ गाव किंवा तुम्ही जिथे राहायला जाणार ते ठिकाण निवडता येतं, आणि हे हलणं रिटायरमेंटपासून एका वर्षाच्या आत झालं पाहिजे. म्हणून डिस्चार्जच्या कागदात राहण्याचं ठिकाण भरताना सवयीने गावचा पत्ता टाकू नका, थोडा विचार करा. ट्रकची पावती, वजनाची चिठ्ठी जपून ठेवा. गॅसचं ट्रान्सफर व्हाउचर आणि पोरांचे टीसी सामानात नाही, अंगावरच्या बॅगेत.

भाड्याचं वर्ष

भाड्याचं घर म्हटलं की घरच्यांना कमीपणा वाटतो, 'वीस वर्षं फौजेत काढली आणि भाड्याने राहतो' असं कोणीतरी म्हणतंच. म्हणू दे. या एका वर्षात तुम्हाला कळतं की पाणी उन्हाळ्यात कसं येतं, पोरांची शाळा जमते का, नोकरी कुठे लागते, आणि मुख्य म्हणजे खात्यावरची रक्कम बघून जे लोक सल्ला द्यायला येत होते ते आपोआप कमी होतात.

लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करूनच घ्या. महाराष्ट्रात तो रजिस्टर करणं कायद्याने सक्तीचं आहे, ऑनलाइन घरबसल्या होतो, आणि जबाबदारी मालकाची असली तरी गरज आपली असते. का, तर फौजी कुटुंबाकडे पत्त्याचा पुरावाच नसतो. आधारवर कुठल्यातरी जुन्या युनिटचा पत्ता, रेशन कार्ड सासऱ्यांच्या नावावर. रजिस्टर केलेल्या करारावर आधारचा पत्ता बदलतो, गॅस मिळतो, शाळेत चालतो. मालक म्हणतो शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी करू, तर नाही म्हणा.

गावचं घर: इथे जरा थांबून वाचा

सगळ्यात जास्त मनस्ताप फ्लॅटवाल्या बिल्डरने नाही, गावच्या घराने झालेला मी बघितलाय. आणि त्यात कोणी चोर नसतं, सगळे आपलेच.

होतं असं की पोरगा अठराव्या वर्षी भरती होतो आणि दर महिन्याला घरी पैसे पाठवतो. वडील गावठाणातल्या जुन्या घराच्या जागी स्लॅबचं घर बांधतात, पैसे ऐंशी टक्के फौजीचे. ग्रामपंचायतीत घराची नोंद वडिलांच्या नावावर, किंवा धाकटा भाऊ गावात असतो, पळापळ तोच करतो, तर त्याच्या नावावर. वीस वर्षांनी फौजी परत येतो, नमुना ८ चा उतारा काढतो तर त्यात त्याचं नावच नाही. पैसे पाठवल्याचा पुरावा म्हणजे मनीऑर्डरच्या पावत्या, त्या कोण ठेवतं. आणि वडील मृत्युपत्र न करता गेले तर त्यांच्या नावावरच्या घरात सगळ्या भावांचा, बहिणींचा आणि आईचा सारखा हक्क, तुम्ही किती पैसे घातले हे कायदा विचारत नाही.

मग करायचं काय. वडील हयात आहेत तोवर, सगळे चांगलं बोलताहेत तोवर, बसून ठरवा. वडिलांच्या स्वतःच्या नावावरचं राहतं घर ते मुलाला बक्षीसपत्राने देऊ शकतात, महाराष्ट्रात मुलगा-मुलगी, नवरा-बायको, नातवंडं यांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस द्यायला मूळ स्टॅम्प ड्युटी फक्त २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार लागतो तो दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा. वडिलोपार्जित असेल तर बहीण-भावांचं हक्कसोडपत्र रजिस्टर करून. शेतजमिनीची वाटणी तहसीलदारांकडे कलम ८५ खाली होते आणि सातबारा वेगळा होतो. बहिणीने हक्क सोडावा असं गृहीत धरू नका हां, तिचाही तेवढाच हक्क आहे, तिला तिचा वाटा किंवा त्याचे पैसे देऊन मगच सही मागा. असं केलेलं घर पुढे टिकतं.

नमुना ८ म्हणजे मालकी नाही, ती कर आकारणीची नोंद आहे, हे पक्कं डोक्यात ठेवा. गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन स्वामित्व योजनेतून प्रॉपर्टी कार्ड निघालं असेल तर त्यावर नाव कोणाचं लागलंय ते बघा, चौकशीच्या वेळी तुम्ही सीमेवर होतात म्हणून नाव सुटलं असेल तर हरकत लगेच द्या.

आणि भावाला दिलेलं कुलमुखत्यारपत्र. सर्विसमध्ये असताना सोयीसाठी दिलेलं असतं, आल्यावर आठवणीने रद्द करून टाका, राग नाही, फक्त आता गरज नाही म्हणून. याच्याच जोडीला, कोणी तुम्हाला नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर प्लॉट 'विकत' असेल तर घेऊ नका. त्याने मालकी येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच स्पष्ट सांगितलंय.

प्लॉट आणि फ्लॅट

फौजी लोकांना प्लॉटचं फार वेड. 'दोन गुंठे घेऊन टाकतो, पुढेमागे बांधू.' रिटायरमेंटच्या आधी सहा महिने गावातला एजंट फोन करायला लागतो. शेतजमिनीतले एक-दोन गुंठे पाडून विकायला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. त्या कायद्यात अलीकडे बदल झालेत, पण ते सगळ्या भागांना सरसकट लागू नाहीत, म्हणून एजंट म्हणतो म्हणून नाही, तर तुमच्याच गट नंबरला काय लागू आहे ते तलाठ्याकडे आणि दुय्यम निबंधकाकडे जाऊन विचारा. प्लॉट बघताना एनए (बिगरशेती) ऑर्डर, मंजूर ले-आऊट, मोजणीचा नकाशा, सातबाऱ्यावरच्या इतर हक्कातल्या नोंदी आणि रस्ता कागदावर आहे का. 'सामाईक सातबाऱ्यावर नाव लावून देतो' हे ऐकलं की उठून या. कॅम्प किंवा रेंजच्या भिंतीला लागून असलेली स्वस्त जागा पण बघूनच, १९०३ चा वर्क्स ऑफ डिफेन्स कायदा आणि एनओसीचे नियम यामुळे तिथे बांधकामाला परवानगीच अडकू शकते. फौजीच फसतात यात, कारण आपल्याला कॅम्पजवळ राहायला आवडतं.

फ्लॅट असेल तर महारेरा नंबर, म्हणजे प्रोजेक्टच्या सरकारी नोंदणीचा नंबर, बघा. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात हे चालू आहे, नंबर टाकून वेबसाईटवर प्रोजेक्टची पूर्ण तारीख, मंजुऱ्या, कोर्टातल्या केसेस सगळं दिसतं. करार रजिस्टर करायच्या आधी बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेऊ शकत नाही. तर 'सर, फौजी डिस्काउंट आज संध्याकाळपर्यंतच, तीस टक्के भरा' असं कोणी म्हणालं तर तो कायदा मोडतोय, एवढं तुम्हाला कळलं पाहिजे. मी तर सांगेन की फौजी कुटुंबाने पहिलं घर बांधकाम चालू असलेल्या बिल्डिंगमध्ये घेऊच नये. भाडं आणि ईएमआय दोन्ही एकदम पेन्शनवर झेपत नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली, लोक राहायला आलेली बिल्डिंग बघा, थोडं महाग पडेल पण झोप लागेल. रिसेल असेल तर वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचं पत्र. वकील तुम्ही शोधलेला, बिल्डरने दिलेला नाही.

म्हाडाच्या लॉटरीत माजी सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी ५ टक्के, आणि शहीद, जखमी किंवा बेपत्ता जवानांच्या कुटुंबांसाठी २ टक्के घरं राखीव असतात. जाहिरात निघते तेव्हा उत्पन्न गट नीट बघा, पेन्शन आणि नवीन नोकरीचा पगार दोन्ही धरलं जातं, आणि बायकोचं उत्पन्न पण. त्या पालिकेच्या हद्दीत तुमच्या, बायकोच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावावर आधी घर नसावं लागतं. राखीव गटात अर्ज कमी येतात, काही वेळा घरं उरतात सुद्धा, तर भरत राहायला काही हरकत नाही, फक्त लॉटरीवर विसंबून भाड्याच्या घरात पाच वर्षं काढू नका.

नावाचं बघा. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत मिळते. नवरा-बायको जॉइंट घेतलं की ही सवलत नाही. पन्नास लाखांच्या घराला पन्नास हजार वाचतात. पण पैशापेक्षा मला दुसरं महत्त्वाचं वाटतं. ज्या बाईने आयुष्यभर सरकारी क्वार्टरच्या दारावर नवऱ्याच्या नंबर-रँकची पाटी बघितली, तिच्या नावावर एक घर असावं. नाहीच जमलं तर जॉइंट तरी कराच.

पैशाचं गणित, लोनच्या आधी

कम्युटेशन म्हणजे पेन्शनचा निम्मा भाग पंधरा वर्षांसाठी विकणं. बेसिक पेन्शन २५ हजार असेल, पन्नास टक्के कम्युट केली आणि वय चाळीसच्या आसपास असेल तर साधारण साडेतेरा लाख हातात येतात, पण पेन्शन दर महिन्याला साडेबारा हजारांनी कमी, पंधरा वर्षं. महागाई भत्ता मात्र पूर्ण २५ हजारांवरच मिळत राहतो. आता वीस लाखांचं लोन वीस वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता अठरा हजारांच्या घरात. म्हणजे कम्युट करून उरलेली बेसिक पेन्शन सगळी त्यातच गेली. म्हणून दुसरी नोकरी पक्की होईपर्यंत मोठं लोन नको, आणि झाल्यावर सुद्धा हप्ता असा ठेवा की नोकरी सुटली तरी नुसत्या पेन्शनमध्ये हप्ता भरून घरात किराणा येईल. बँका पेन्शनवर सत्तरीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे लोन देतात, डिफेन्स पॅकेजच्या खात्यावर प्रोसेसिंग फी सोडतात, हे विचारून घ्या. पण बँक किती देते हे आपल्याला किती झेपतं याचं उत्तर नाही.

सगळी रक्कम घरात घालू नका. निदान तिसरा हिस्सा बाजूला एफडीत, ज्याला दोन वर्षं हात लावायचा नाही आणि ज्याबद्दल पाहुण्यांना सांगायचं नाही. मेहुण्याचा धंदा, चुलत्याची चिटफंड, आपल्याच रेजिमेंटच्या माजी माणसाने आणलेली 'फौजी भाईंसाठी' स्कीम, या तिन्हीला एकच उत्तर, पैसे बांधून टाकलेत. रेजिमेंटच्या नावाने आलेल्या माणसाला नाही म्हणणं सगळ्यात अवघड जातं, मला माहीत आहे. तरी म्हणा.

वीर नारी आणि अग्निवीर

ज्या ताईंचे मिस्टर सर्विसमध्ये असताना वारले त्यांनी घाईने क्वार्टर सोडू नये, अशा वेळी मुदत वाढवून मिळते, फक्त अर्ज करावा लागतो आणि तो युनिटकडून करून घ्यायचा हक्क आहे तुमचा. सासरची मंडळी म्हणतात पैसे आमच्याकडे द्या, आम्ही घर बांधतो. घर बांधायचं तर जागा आधी तुमच्या नावावर, मग वीट. होम लोनच्या व्याजावर सवलतीची केंद्रीय सैनिक बोर्डाची योजना आहे, एडब्ल्यूएचओकडे विधवांसाठी वेगळी तरतूद आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन एकदाच सगळ्या योजनांची यादी मागा आणि सोबत कोणालातरी घेऊन जा, एकट्या जाऊ नका.

अग्निवीर म्हणून चार वर्षांनी परत येणाऱ्या पोरांना पेन्शन नाही, सेवा निधीचे साधारण ११ लाख ७१ हजार एकरकमी मिळतात. त्यातून घर घ्यायचा विचार आत्ता करू नका बाळांनो. वय एकवीस-पंचवीस असतं, शिक्षण आणि नोकरी आधी. आईवडिलांचं गळकं छप्पर दुरुस्त करा, त्यात समाधान आहे, बाकी पैसे बँकेत.

घर झाल्यावर राहिलेली कामं

घरपट्टी. महाराष्ट्रात माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना राहत्या एका घराची घरपट्टी माफ आहे, बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना, २०२० पासून. आपोआप होत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र आणि घराचा उतारा जोडून ग्रामपंचायत किंवा पालिकेत अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची, काही ठिकाणी दरवर्षी नवीन प्रमाणपत्र मागतात. घर भाड्याने दिलं असेल तर चालत नाही. गावातल्या क्लार्कला कधी कधी ही योजना माहीत नसते, शासन निर्णयाची प्रिंट सोबत न्या आणि शांतपणे समोर ठेवा.

सोसायटीत नॉमिनेशनचा फॉर्म भरा, आणि त्यावर न थांबता मृत्युपत्र करा, कारण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. स्पर्शवर, म्हणजे डिफेन्स पेन्शनच्या पोर्टलवर, नवीन पत्ता आणि मोबाईल नंबर अपडेट करा, ईसीएचएस कार्डाचं पॉलिक्लिनिक बदलून जवळचं घ्या. आणि मतदार यादी. सर्विसमध्ये असताना तुमचं नाव सर्विस व्होटर म्हणून असतं, ते नवीन पत्त्यावर आपोआप येत नाही. फॉर्म ६ भरा, बायकोचं नावही नवीन पत्त्यावर आणा, आणि पोरगी अठराची झाली असेल तर तिचाही फॉर्म ६ त्याच दिवशी भरून टाका.